दोन डेक्सा : मराठवाड्यातून आरोग्य खात्याला खुलं पत्र

प्रति,
राज्यातील वैद्यकीय शिक्षण आणि सार्वजनिक आरोग्याचा कारभार पाहणारे सन्माननीय मंत्री, सचिव आणि संचालक यांस,

सविनय नमस्कार.

मराठवाड्यातल्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हाडांची घनता मोजणारं यंत्र आहे. ते बंद का आहे, असं मी माहितीच्या अधिकारात विचारलं. उत्तर दोन ओळींचं आलं. अपेक्षित रुग्णसंख्या मिळत नसल्यामुळे यंत्राच्या देखभालीच्या कराराचं नूतनीकरण केलेलं नाही आणि तसा प्रस्ताव सध्या विचाराधीन नाही. खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. कागद नियमानं अगदी बरोबर आहे. पण त्यात लिहिलेली गोष्ट खरी नाही, आणि ती खरी नाही हे मी बत्तीस वर्षांच्या नोकरीच्या आधारावर सांगतो आहे. अर्ज करून उत्तर मिळालं, त्या उत्तरावर पुन्हा अर्ज करत बसण्याचं माझं वय राहिलेलं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो.

मी क्ष-किरण तंत्रज्ञ होतो. गावाकडं आम्हाला नुसतं 'एक्स-रेवाले' म्हणतात. १९९० साली ग्रामीण रुग्णालयात लागलो. डार्क रूममध्ये लाल दिव्याखाली हातानं फिल्म धुण्यापासून सुरुवात केली आणि २०२२ मध्ये निवृत्त झालो तेव्हा फिल्मच शिल्लक नसायची, रुग्णाला संगणकाच्या पडद्याचा मोबाईलवर फोटो काढून न्यायला सांगावं लागायचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतरचे कित्येक दिवस आम्ही रात्रंदिवस मोडलेल्या हाडांचे फोटो काढले. त्या माणसांची हाडं का मोडली हे विचारावं लागत नव्हतं. अंगावर माळवद पडलं होतं, दगडी भिंती पडल्या होत्या. नंतरच्या वर्षांत मात्र माझ्या टेबलावर अशी माणसं येऊ लागली, ज्यांच्या अंगावर काहीच पडलं नव्हतं. घागर उचलली, बसमध्ये धक्का बसला, जोरात खोकला आला, आणि मणका बसला. त्यातल्या बऱ्याच जणांना मी एकच प्रश्न विचारायचो, आणि उत्तर बहुतेक वेळा तेच यायचं. "हो, दम्याची गोळी चालू आहे." "सांध्याची पुडी घेते." "डॉक्टर महिन्याला एक सुई देतात, बरं वाटतं."

यात माझ्या घरचं माणूसही आहे. माझी थोरली बहीण, अक्का. २०१३ साली तिला आमवात झाला. सकाळी बोटं वळायची नाहीत, भाकरी थापताना डोळ्यांत पाणी यायचं. तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी सुरू केली, दिवसाला १० मिलिग्रॅम. चौथ्या दिवशी तिनं सगळ्या घराच्या भाकरी एकटीनं थापल्या आणि हे सांगायला मला फोन केला. डॉक्टरांचं त्यात काही चुकलं नव्हतं. आमवातात हे औषध देतात आणि ते काम करतं. १९४८ मध्ये अमेरिकेत आमवाताच्या एका बाईला पहिल्यांदा कॉर्टिसोन, याच जातीचं स्टिरॉइड, दिलं तेव्हा अंथरुणाला खिळलेली ती बाई काही दिवसांत चालू लागली होती, आणि दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, त्या शोधाला नोबेल मिळालं. औषध मोठं आहे, हे मी कधीच नाकारणार नाही.

चूक पुढं झाली. दोन महिन्यांनी दाखवायला या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती गेली नाही. मेडिकलमध्ये चिठ्ठी दाखवली की गोळ्या मिळायच्या. पुढं चिठ्ठीही लागेना, रिकामं पाकीट दाखवलं की पुरे. अशी सहा वर्षं गेली. मी तिचा सख्खा भाऊ, रोज हाडांचे फोटो काढणारा, आणि सहा वर्षांत मी एकदाही तिला गोळीचं नाव विचारलं नाही. ही बोच माझी मला आहे.

२०१९ च्या दिवाळीला मी गावी गेलो होतो. अंगणात उभी राहून ती म्हणाली, "बापू, लुगडं वाढलं का मी कमी झाले रे?" तिच्या नऊवारीचा घोळ जमिनीला टेकत होता. आयुष्यभर जिथं खोचायची तिथं खोचून भागत नव्हतं, दोन बोटं जास्तीचं वर घ्यावं लागत होतं. मी हसलो आणि फराळाला बसलो. संक्रांतीच्या आसपास पिठाचा डबा उचलताना तिच्या पाठीत कट्‌ वाजलं. सगळे म्हणाले कंबर भरली. तेल लावलं, विटेनं शेकलं, गावातल्या एका डॉक्टरांनी सुई दिली. त्या सुईनं रात्री झोप लागायची म्हणून आणखी दोन घेतल्या. मार्चमध्ये तिला माझ्या रुग्णालयात आणलं, कुशीवर झोपवलं आणि बाजूनं एक्स-रे काढला. पाठीचा बारावा मणका आणि कमरेचा पहिला मणका समोरच्या अंगाला पाचरीसारखे बसले होते. त्यांच्या वरचा एक मणका त्याही आधी कधीतरी दबून तसाच जुना झाला होता. तो केव्हा दबला ते तिलाही सांगता येईना. त्या सुयांच्या रिकाम्या कुप्या तिनं रुमालात बांधून आणल्या होत्या. त्यावर लिहिलं होतं, डेक्सामेथासोन. म्हणजे तेही स्टिरॉइडच.

आमच्याकडं डॉक्टर, कंपाउंडर, मेडिकलवाले या औषधाला 'डेक्सा' म्हणतात. हाडांची घनता मोजणाऱ्या यंत्राचं नावही डेक्साच. पहिला डेक्सा चहाच्या पैशात गल्लोगल्ली मिळतो आणि कुठल्याही दुखण्यावर टोचला जातो. दुसरा डेक्सा, म्हणजे पहिल्यानं हाडाचं काय केलं ते सांगणारा, मिळवायचा तर खेड्यातल्या माणसाला मोठं शहर गाठून पदरचे पैसे मोजावे लागतात. आणि जिथं तो सरकारी आहे, तिथं त्याच्या खोलीला कुलूप आहे.

त्या खोलीत मी गेलो होतो. ओळखीच्या एका कर्मचाऱ्यानं पाच मिनिटं दार उघडलं. रुग्णाला झोपवायच्या पाटावर सलाईनचे खोके आणि जुन्या केसपेपरचे गठ्ठे रचलेले होते. या यंत्रासोबत मणक्याच्या आकाराचा एक ठोकळा येतो. त्याची घनता आधीच ठाऊक असते. रोज सकाळी पहिल्या रुग्णाआधी तो ठोकळा ठेवून यंत्र बरोबर मोजतंय का ते पाहायचं आणि वहीत आकडा लिहायचा. ती वही तिथंच होती. सुरुवातीची पानं नीट भरलेली, कुणीतरी मनापासून काम केलेलं. मग एका तारखेनंतर पानं कोरी. ठोकळा टेबलाच्या खणात धुळीत पडला होता.

आता रुग्णसंख्येबद्दल. रुग्ण कसे येतील? बाह्यरुग्ण विभागातल्या तपासणीच्या छापील कागदावर या तपासणीचं नावच नव्हतं. यंत्र चालवायला स्वतंत्र माणूस नव्हता, ज्याला शिकवलं त्याची बदली झाली. आठवड्यात एकच दिवस खोली उघडायची, आणि तो दिवस शंभर किलोमीटरवरून येणाऱ्या बाईला माहीत असण्याचं कारण नव्हतं. दम्याच्या, त्वचेच्या, मूत्रपिंडाच्या आणि सांध्यांच्या ओपीडीत रोज स्टिरॉइडच्या चिठ्ठ्या लिहिल्या जात होत्या. त्यातला एकही रुग्ण पलीकडच्या इमारतीतल्या त्या पाटावर झोपला नाही, कारण कुणी त्याला तिकडं पाठवलंच नाही. विहिरीवर रहाट लावायचा नाही आणि मग म्हणायचं की गावाला पाण्याची गरज नाही, असा हा प्रकार आहे.

स्टिरॉइड हाडाचं काय करतं, हे माळवदाच्या घरात राहिलेल्या माणसाला समजावणं सोपं आहे. माळवद दरवर्षी थोडं झडतं आणि पावसाळ्याआधी आपण त्यावर माती टाकून ते पुन्हा नीट करतो. हाडही तसंच. काही पेशी जुनं हाड खरवडतात, काही पेशी नवं भरतात. स्टिरॉइड भरणाऱ्या पेशींचं काम मंदावतं, त्यातल्या अनेक मारून टाकतं, आणि खरवडणाऱ्यांना सुरुवातीच्या काळात जास्त दिवस जगवतं. आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं, लघवीतून जास्त जातं. स्नायूही दुबळे होतात, त्यामुळं माणूस पडतो लवकर. मणक्याचं आतलं हाड जाळीदार असतं, म्हणून आधी तेच जातं. आणि हे सगळं वर्षानुवर्षांनी होतं असं नाही. सगळ्यात वेगानं हाड जातं ते पहिल्या ३ ते ६ महिन्यांत. दिवसाला ५ मिलिग्रॅमसारख्या लहान डोसनंही मोडण्याचा धोका वाढतो. म्हणूनच अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं सांगून ठेवलं आहे की दिवसाला २.५ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त स्टिरॉइड तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ चालणार असेल, तर सुरुवात केल्यापासून सहा महिन्यांच्या आत हाडांची तपासणी व्हायला हवी. अक्काच्या सहा वर्षांत असे बारा सहा-महिने होऊन गेले.

मला माझ्याच यंत्राबद्दलही खरं सांगितलं पाहिजे. साध्या एक्स-रेवर हाड ठिसूळ झालेलं दिसायला लागतं तेव्हा साधारण तीस टक्क्यांहून जास्त हाड निघून गेलेलं असतं. म्हणजे आमची फिल्म उशिरा बोलते. डेक्सा आधी बोलतो. दोन वेगवेगळ्या ताकदीचे क्ष-किरण सोडून मांस वजा करायचं आणि हाड मोजायचं, एवढीच त्याची युक्ती. दहा-पंधरा मिनिटं लागतात, सुई नाही, औषध नाही, आणि किरणांचा मारा छातीच्या एका एक्स-रेपेक्षाही कमी. तरुण निरोगी हाडाशी ताडून येणारा आकडा उणे २.५ किंवा त्याखाली गेला की हाड ठिसूळ, ही जागतिक आरोग्य संघटनेची १९९४ ची व्याख्या आजही चालते.

पण स्टिरॉइड घेणाऱ्यांच्या बाबतीत एवढ्यावर थांबून चालत नाही, आणि माझ्या मते या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. स्टिरॉइडमुळं हाडाचं वजन जितकं घटतं त्यापेक्षा त्याची वीण जास्त बिघडते. त्यामुळं डेक्साचा आकडा 'ठीक' असतानाही यांचे मणके बसतात. आणि बसलेला मणका दरवेळी दुखतोच असं नाही, निम्म्याहून जास्त मणके रुग्णाच्या आणि डॉक्टरच्या नकळत बसतात. म्हणून पाठीचा बाजूनं फोटो हवाच. तो त्याच डेक्सा यंत्रावर काढता येतो किंवा साध्या एक्स-रेवर. मणक्याची पुढची, मधली आणि मागची उंची मोजायची. एखादी उंची वीस टक्क्यांहून जास्त घटली असेल तर तो मणका मोडलेला धरायचा, रुग्णाला दुखत असो वा नसो. एक पट्टी आणि पाच मिनिटं. शेवटच्या दोन वर्षांत मी हे माझ्यापुरतं करत होतो आणि एका वहीत लिहून ठेवत होतो. कुठली गोळी, किती दिवस, कोणता मणका. वही भरली, दुसरी घ्यावी लागली. हे संशोधन नाही, मी डॉक्टर नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. पण 'रुग्णसंख्या नाही' हे वाक्य त्या दोन वह्यांसमोर टिकत नाही.

तक्रारी क्रमानं मांडतो.

पहिली तक्रार यंत्राची, ती वर लिहिली. जनतेच्या पैशातून घेतलेलं यंत्र देखभालीच्या कराराअभावी बंद ठेवणं, आणि कारण म्हणून रुग्णांकडं बोट दाखवणं, हे मला मान्य नाही.

दुसरी, जे फोटो निघतात तेही पूर्ण वाचले जात नाहीत. आमच्या भागात मुतखडा घरोघरी आहे आणि त्यासाठी पोटाचे सीटी स्कॅन रोज होतात. त्या प्रत्येक सीटीत कमरेचा पहिला मणका असतोच. त्याच्या आतल्या जाळीवर एक गोल टेकवला की संगणक घनतेचा आकडा देतो. वेगळे पैसे नाहीत, वेगळे किरण नाहीत. हा आकडा ११० च्या खाली असेल तर हाड ठिसूळ असल्याची शंका घ्यायलाच हवी, हे अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांनी दोन हजारांच्या आसपास रुग्णांचे सीटी आणि डेक्सा ताडून २०१३ मध्ये मांडलं. आपल्या रिपोर्टात खडा किती मिलिमीटरचा ते असतं. त्याच चित्रात दबलेला मणका असला तरी त्याच्यावर एक ओळ नसते. असे रिपोर्ट मी पाहिले आहेत. मी रेडिओलॉजिस्टांना दोष देत नाही. एकेका डॉक्टरवर शंभर-शंभर रिपोर्टांचा ढीग असतो, विचारलं त्याचंच उत्तर लिहून होतं. पण विचारायचं कुणी, हे ठरवणं तुमच्या हातात आहे.

तिसरी तक्रार खुब्याची. आमच्या गल्लीतला एक पोरगा टेम्पो चालवतो. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत त्याला करोना झाला, ऑक्सिजन लागला, स्टिरॉइड दिलं आणि तो वाचला. ऑक्सिजनवरच्या रुग्णाला डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम दहा दिवसांपर्यंत द्यायचं, याचा पुरावा जून २०२० मध्येच इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीतून आला होता आणि त्यानं जगभर असंख्य जीव वाचवले. याला मात्र किती दिलं, किती दिवस दिलं, घरी गेल्यावर किती गोळ्या घ्यायला सांगितल्या, यातलं काहीच त्याच्या डिस्चार्ज कार्डावर नव्हतं. आठ महिन्यांनी त्याच्या जांघेत दुखायला लागलं. एक्स-रे मी स्वतः काढला. नॉर्मल होता. 'शीर दबली' म्हणून उपचार झाले, त्यातही पुन्हा स्टिरॉइडची सुई. तो लंगडायला लागल्यावर उसनवारी करून खासगीत एमआरआय केला. दोन्ही खुब्यांतल्या हाडाच्या गोल टोकांचा रक्तपुरवठा बंद पडून हाड मेलं होतं, आणि डाव्या बाजूचं टोक चपटं झालं होतं. एमआरआयवर मेलेल्या भागाभोवती काळ्या आणि पांढऱ्या अशा दोन रेषा शेजारी-शेजारी दिसतात. त्या एकदा पाहिल्या की विसरत नाहीत. याच रेषा चार-सहा महिने आधी दिसल्या असत्या तर हाडाला भोक पाडून आतला दाब कमी करण्याची लहान शस्त्रक्रिया करून बघता आली असती. आता तिशीत त्याला सांधा बदलायला सांगितलं आहे.

हे अचानक घडलेलं नाही. २००३ च्या सार्सच्या साथीत हाँगकाँग आणि चीनमध्ये स्टिरॉइड घेतलेल्या रुग्णांच्या खुब्यांचे आणि गुडघ्यांचे एमआरआय काढून हाच धोका मोजला गेला होता. २०२१ मध्ये मुंबईतल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी करोनातून बऱ्या झालेल्या रुग्णांमध्ये तेच दिसल्याचं जाहीर केलं, वर्तमानपत्रांत आलं. मराठवाड्यात दुसऱ्या लाटेत स्टिरॉइड घेतलेल्या माणसांना निदान 'जांघेत दुखलं तर या' एवढा निरोप आशाताईंमार्फत गेला असता, तरी पुष्कळ झालं असतं.

चौथी तक्रार ऊसतोड बायांची आहे, आणि ती लिहिताना माझा हात जड होतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायांची गर्भाशयं काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये सरकारी समितीनं तपासला. तपासलेल्या सुमारे ८२ हजार बायांपैकी १३ हजारांहून जास्त बायांचं गर्भाशय काढलेलं होतं. ज्यांची बीजकोशंही गेली त्यांच्या शरीरातलं इस्ट्रोजेन एका दिवसात तुटतं, आणि तिशी-पस्तिशीतच म्हातारपणाच्या वेगानं हाड झिजायला लागतं. त्याच बाया फडात मोळ्या उचलतात. पाठ धरली तरी बसता येत नाही, खाडा पडला की पैसे कापले जातात. मग संध्याकाळी कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपडीवर, येणारा किंवा जवळच्या गावातला डॉक्टर सुई देतो आणि सकाळी कोयता पुन्हा कामाला लागतो. माझ्याकडं आलेल्या अशा काही बायांना मी म्हणालो होतो, पुढच्या वेळी कुपी घेऊन या. ज्यांनी आणली, त्यात डेक्सा होतं. आधीच पोखरलेल्या हाडावर हे औषध टोचलं जातंय आणि वर त्याच पाठीनं मोळ्या वाहिल्या जातायत. या बायांच्या गर्भाशयांची मोजणी झाली. हाडांची कुणी केली?

पाचवी थोडक्यात. स्टिरॉइडच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत हा कायदा आहे आणि तो पाळला जात नाही. आठवडी बाजारात मिळणाऱ्या सांधेदुखीच्या पुड्यांतही काय असतं, हे प्रयोगशाळेत तपासून लोकांना सांगायला हवं. दोन दिवसांत सूज उतरवणारी 'जडीबुटी' पाहिली की मला शंका येते, आणि देशात अशा औषधांत स्टिरॉइड सापडल्याचे दाखले आहेत.

हे सगळं वाचून कुणीही आपली गोळी परस्पर बंद करू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे. बरेच दिवस स्टिरॉइड घेतलं की शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी करतं. गोळी एकदम थांबवली तर जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांना विचारूनच हळूहळू कमी करायची असते, आणि दम्यात, आमवातात, मूत्रपिंडाच्या आजारात ती पुष्कळदा लागतेच. माझं म्हणणं एवढंच आहे की गोळी देताना हाडही मोजा. कारण मोजल्यावर करण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते महाग नाही. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, आणि गरज असेल त्याला आठवड्यातून एकदा अलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी, उपाशीपोटी पेलाभर पाण्यासोबत, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. गोळी जमत नसेल तर वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं औषध आहे. अक्काला आता हेच चालू आहे. सहा वर्षं आधी चालू झालं असतं.

माझ्या मागण्या अशा आहेत.

बंद यंत्राचा देखभाल करार करा आणि ते आठवड्याचे सहाही दिवस सुरू ठेवा. त्यासाठी प्रशिक्षित तंत्रज्ञाचं पद भरा आणि तपासणीच्या छापील कागदावर त्याचं नाव घाला. आठही जिल्ह्यांतल्या कोणत्याही सरकारी दवाखान्यातून तिथं थेट पाठवता यावं आणि तारीख फोनवर मिळावी.

सरकारी ओपीडीतून ज्याला तीन महिन्यांपेक्षा जास्त स्टिरॉइड चालणार आहे, त्याचा डेक्सा आणि पाठीचा बाजूनं फोटो सहा महिन्यांच्या आत व्हावा, वर्षानं पुन्हा व्हावा. डिस्चार्ज कार्डावर आणि चिठ्ठीवर स्टिरॉइडचं नाव, डोस आणि एकूण दिवस मराठीत लिहिणं सक्तीचं करा. सीटीच्या रिपोर्टात कमरेच्या पहिल्या मणक्यावर एक ओळ यावी. स्टिरॉइड घेतलेला रुग्ण जांघेतलं दुखणं सांगत आला तर एक्स-रे नॉर्मल असला तरी दोन्ही खुब्यांचा एमआरआय सरकारी खर्चानं आणि दोन आठवड्यांच्या आत मिळावा. ऊसतोडीला निघण्याआधी, दसऱ्याच्या सुमारास, गर्भाशय काढलेल्या बायांची हाडांची तपासणी गावातून गाडी करून घडवून आणा.

आणि शेवटची मागणी अभ्यासाची. डेक्सा यंत्रं खुब्याचा आकडा ज्या नमुन्याशी ताडतात तो अमेरिकेतल्या गोऱ्या तरुण स्त्रियांचा आहे. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या, भर उन्हात राबूनही ड जीवनसत्त्व कमी भरणाऱ्या आमच्या बाईला तो किती लागू पडतो, हे इथंच तपासलं पाहिजे. त्यात किनवटसारख्या भागातल्या पाण्यात फ्लोराईड आहे. फ्लोराईडनं हाड फोटोत दाट दिसतं आणि प्रत्यक्षात ठिसूळ असतं. अशा माणसाचा डेक्सा चांगला येईल आणि मणका तरीही मोडेल. तेव्हा स्टिरॉइड सुरू होतानाच रुग्ण नोंदवायचे, सुरुवातीला, सहा महिन्यांनी आणि वर्षानं त्यांचे डेक्सा आणि बाजूचे फोटो काढायचे, नैतिकता समितीच्या मंजुरीनं आणि रुग्णाच्या लेखी संमतीनं, असा अभ्यास मराठवाड्यातल्या महाविद्यालयांनी मिळून करावा. यंत्रं आहेत, पदव्युत्तर विद्यार्थी आहेत, प्रबंधाला विषय शोधत असतात. आलेले आकडे मराठीत, सगळ्यांना वाचता येतील असे जाहीर करा.

माझ्याकडून जे होईल ते मी करायला तयार आहे. दोन्ही वह्या, नावं झाकून, ज्या समितीला हव्या असतील तिला देतो. नव्या तंत्रज्ञाला पाठीचा बाजूचा फोटो कसा घ्यायचा, मणक्याच्या उंच्या कशा मोजायच्या, हे विनामोबदला शिकवायला येतो. यंत्र सुरू झालं की पहिल्या दिवशी अक्काला घेऊन येईन. तिला आता पाटावर सपाट झोपता येत नाही, त्यामुळं पाठीखाली घडी घालून चादर द्यावी लागेल आणि पायांखालचा ठोकळा जरा हळू सरकवावा लागेल.

आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला,
एक निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ
मराठवाडा